कोल्हापुरातलं एक मंगल कार्यालय, व्हीलचेअरवरून बघितलेलं

आधीच सांगतो, कार्यालयाचं नाव इथं लिहिलेलं नाही. मालकांशी समोरासमोर बोललोय, काही गोष्टी दिवाळीपर्यंत करून देतो असा त्यांनी शब्द दिलाय, तोपर्यंत नाव टाकणं मला बरोबर वाटत नाही. पण रिव्ह्यू लिहायचा थांबवला नाही, कारण यातल्या बऱ्याच गोष्टी गावातल्या इतर कार्यालयांना, हॉलना, हॉटेलांना जशाच्या तशा लागू होतात. लग्नाचं बुकिंग करताना लोक एसी विचारतात, जनरेटर विचारतात, ताटाचा रेट विचारतात, आणि व्हीलचेअरवरचा माणूस आत कसा येणार हे घरात तसा माणूस असला तरच विचारतात.

माझ्या भाचीचं लग्न होतं. मी मुलीचा मामा, आणि मणक्याला मार लागल्यापासनं व्हीलचेअरवर आहे. ताईनं बुकिंगच्या आधी फोन करून विचारलेलं की माझा भाऊ व्हीलचेअरवर आहे, सोय आहे का, तर मॅनेजर म्हणाले हाय की, रॅम्प हाय, लिफ्ट हाय, दिव्यांग टॉयलेट पण हाय, काय काळजी करू नका. तिन्ही गोष्टी खरंच आहेत तिथं. खोटं कोण बोललं नाही.

चांगलं आधी लिहितो, कारण चांगलं बरंच आहे. हॉल मोठा, हवेशीर, मध्ये खांब नाहीत, सगळी फरशी एका लेव्हलची, त्यामुळे एकदा आत गेलं की इकडंतिकडं फिरता येतं. जेवण एक नंबर, मसालेभात, भरलं वांगं, मठ्ठा, जिलेबी, सगळं गरम आणि वाढणारी पोरं हसतमुख, कुणाच्या कपाळाला आठी नाही. वॉचमननं आमची गाडी पार दारापर्यंत आणू दिली, मागं लाईन लागली तरी मला उतरायला पुरेसा वेळ दिला, हॉर्न वाजवणाऱ्यांना हात दाखवून थांबवलं. असा माणूस दारात असणं मोठी गोष्ट आहे.

आता दार. समोरच्या एंट्रीला पाच पायऱ्या, काळ्या ग्रॅनाइटच्या, आरशासारख्या पॉलिश केलेल्या. वर अत्तर, गुलाबपाणी, पेढे, आणि फेटेवाला बसलेला. रॅम्प इथं नाही. रॅम्प इमारतीच्या मागच्या बाजूला, स्वयंपाकघराजवळ, आणि तो केटरिंगवाल्यांच्या ट्रॉल्या चढवायला केलेला आहे. शेजारी गॅसच्या टाक्या, भांडी घासायची मोरी, आणि रॅम्पवर सांडलेलं तेलकट पाणी. साधारण अडीच फूट उंची आणि लांबी दहा फूट पण नाही. नियमाप्रमाणं उताराचं माप १:१२ असतं, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, अडीच फुटाला तीस फूट पाहिजे. इथं तेवढी उंची एक तृतीयांश लांबीत बसवलीय. अशा चढावर खुर्ची मागं उलटायला बघते, चाकाला हात लावून स्वतः चढणं शक्यच नाही, एकानं मागनं ढकलायचं, एकानं पुढनं ओढायचं, आणि खाली येताना पाठ उताराकडं करून उलटं यायचं. ओल्या तेलकट सिमेंटवर ढकलणाऱ्याचाच पाय घसरायची भीती. कठडा एकाही बाजूला नाही.

तर मुलीचा मामा स्वयंपाकघरातनं आत आला. व्याह्यांचं स्वागत पुढच्या दारात चाललेलं, सगळ्यांना फेटे बांधणं चाललेलं, फोटो चाललेले, आणि मी मोरीच्या बाजूनं आत. नंतर एका पोरानं फेटेवाल्याला माझ्याकडं आणलं, फेटा बांधला, छान बांधला. पण मला सगळ्यांबरोबर पुढच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या माणसांत असायचं होतं.

हॉलमध्ये मधल्या वाटेवर लाल कार्पेट अंथरलेलं, जाड आणि सैल. चालणाऱ्याला काही कळत नाही, पण व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं त्याच्या सुरकुतीत अडकतात आणि खुर्ची जागेवर गपकन थांबते, आपण पुढं जातो. त्यात व्हिडिओवाल्याच्या आणि साउंडवाल्याच्या वायरी आडव्या टाकलेल्या, वर पट्टी नाही काही नाही. वॉकर घेऊन चालणाऱ्या आमच्या आत्याला तिथं दोघांनी धरून पलीकडं नेलं. कार्पेट ताणून कडेनं टेप मारणं आणि वायरी भिंतीकडनं घेणं याला खर्च तरी कितीसा येतो.

आता स्टेज. मला मुख्य लिहायचंय ते याच्याबद्दल.

स्टेज तीन फूट उंच. दोन्ही बाजूला सहा सहा पायऱ्या, अरुंद, कठडा नाही. भटजींनी माइकवर पुकारलं, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या. आमच्याकडं मामानंच मुलीला बोहल्यावर न्यायचं असतं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या मागं थांबायचं असतं. भाची माझ्या शेजारी, माझ्या खुर्चीच्या हाताला धरून स्टेजच्या पायरीपर्यंत आली. आणि तिथं आम्ही दोघं थांबलो.

लगेच पोरं धावली. कोल्हापूरची पोरं ती, सांगावं लागत नाही. "मामा, टेन्शन घेऊ नका, आम्ही हाय की!" म्हणत चौघांनी चार बाजूनं धरलं आणि उचललं. यात मला कुणाचा राग नाही, उलट अभिमान वाटतो, अनोळखी माणसाला पण असंच उचलतील, महापुरात याच पोरांनी लोकांना खांद्यावर घेऊन बाहेर काढलंय. पण हवेत असताना काय होतं ते उचलणाऱ्याला कळत नाही. एकानं हाताचा दांडा धरलेला, तो बऱ्याच खुर्च्यांचा निघणारा असतो, वर ओढला की सुटून हातात येतो. दुसऱ्यानं पाय ठेवायची पट्टी धरलेली, ती पण निघणारी. खुर्ची तिरकी झाली, मला कमरेखाली तोल सावरता येत नाही, समोर पाचशे माणसं बघतायत, कॅमेरा चालू, भाची खाली उभी राहून तोंडावर हात घेतलेली. पडलो नाही. पण मंगलाष्टकं चालू झाली तेव्हा माझे हात थरथरत होते आणि अक्षता नीट टाकता आल्या नाहीत. (कुणाला कधी व्हीलचेअर उचलायची वेळ आलीच तर आधी त्या माणसाला विचारा कुठं धरू, आणि वेल्डिंग केलेली मुख्य फ्रेमच धरा.)

वर जाणं झालं. उतरणं राहिलं. लग्न लागलं, लोक आहेर द्यायला लाईनीत, फोटो सुरू, आणि ती चार पोरं पहिल्या पंगतीला वाढायला वर गेलेली. मला टॉयलेटला जायचं होतं. मणक्याची दुखापत असलेल्या बऱ्याच जणांचं लघवीचं वेळापत्रक असतं, ठराविक तासांनी कॅथेटर घालावा लागतो, उशीर केला तर त्रास होतो, इन्फेक्शन वाढलं तर किडनीपर्यंत जातं. मी स्टेजवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला हसून नमस्कार करत होतो आणि डोळे त्या पोरांना शोधत होते. कुणालाही हाक मारली असती तर आलं असतं, हे मला माहीत आहे. पण चार दणकट माणसं एका वेळी मोकळी पाहिजेत, त्यांना कारण सांगायला पाहिजे, आणि लग्नाच्या स्टेजवरनं ते कारण मोठ्यानं सांगता येत नाही.

म्हणून हे लिहितोय. आपल्या गावात मदतीला माणूस कमी पडत नाही, आणि त्याच्या भरवशावर इमारती बांधल्या जातात. मालक म्हणाले ते पण हेच, "पोरं असतात की आमच्याकडं, उचलून नेतात, कुणाला परत पाठवलं नाही आजपर्यंत." मनापासनं म्हणाले. पण उचलून नेलेला माणूस दुसऱ्याच्या वेळेवर वर जातो, दुसऱ्याच्या वेळेवर खाली येतो. रॅम्प असता तर मी भाचीबरोबर तिच्या चालीनं वर गेलो असतो आणि काम झालं की गुपचूप उतरून टॉयलेटला जाऊन आलो असतो, कुणाला कळलं पण नसतं. बाकी सगळ्या पाहुण्यांना एवढं मिळतंच, त्याच्यापेक्षा जास्त मी मागत नाही.

टॉयलेट. दारावर निळी पाटी, व्हीलचेअरचं चित्र, दिव्यांगांसाठी असं लिहिलेलं. कुलूप. चावी मॅनेजरकडं, मॅनेजर जेवणाच्या हॉलमध्ये. उघडल्यावर आत फिनेलचे कॅन, मॉप, खुर्च्यांच्या कव्हरची गाठोडी, डेकोरेशनचा थर्माकोल. ते बाहेर काढलं तर पुढचा प्रश्न दाराचा, दार दोन फुटाचं आणि माझी खुर्ची सव्वीस इंच. नियमात दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ तीन फूट आहे. आत खुर्ची पूर्ण वळवायची तर पाच फुटांचं मोकळं वर्तुळ लागतं. इथं पाणी बाहेर येऊ नये म्हणून उंबरा पण घातलाय. कमोड आहे, पण शेजारी धरायला बार नाही, त्यामुळे आत गेलो असतो तरी खुर्चीतनं कमोडवर सरकणार कशाच्या आधारानं. शेवटी गाडीत गेलो आणि काचेला शाल लावून काम भागवलं. त्या दिवशी सकाळपासनं पाणी पण मुद्दाम कमी प्यायलेलो. आमच्यातली कितीतरी माणसं बाहेर जायचं म्हटलं की आदल्या रात्रीपासनं पाणी बंद करतात, बायकांचे तर जास्तच हाल. पाटी लावताना हे कुणाच्या डोक्यात आलं नसणार, पण पाटी लावलीय म्हणजे जागा ठेवायची असते एवढं तरी माहीत होतं.

लिफ्टबद्दल मात्र चांगलं लिहायचं आहे. जेवणाचा हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट एकच, पण दार रुंद, आणि मागच्या भिंतीला पूर्ण आरसा. हा आरसा लोकांना केस विंचरायला वाटतो, आम्हाला तो मागं बघायला लागतो, कारण लिफ्टमध्ये खुर्ची वळत नसेल तर उलटं बाहेर यावं लागतं आणि मागं कोण उभं आहे ते आरशात दिसतं. बटणं बसून हाताला येतात, त्यांच्यावर ब्रेल आहे, फक्त मजला बोलून सांगत नाही. लिफ्टमन मोठ्या वयाचे काका होते. पंगतीच्या वेळी गर्दी एवढी की धडधाकट पोरं एक मजला जायला लिफ्टमध्ये घुसत होती, काकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, आधी आत्याला, मग मला, मग एका बाळंतीण बाईला नेलं. त्यांना कुणी शिकवलेलं नाही, ते आपणहून करत होते. मालकांना त्यांचं कौतुक मी वेगळं सांगितलंय.

वर टेबलं अशी की बाक टेबलालाच जोडलेला, मग खुर्ची कुठं घालायची? टोकाला बसलो, गुडघे आडवे, ताट लांब. प्रत्येक रांगेच्या शेवटी एक सुटं टेबल ठेवलं तरी प्रश्न मिटतो. हात धुवायचं बेसिन उंच आणि खाली पूर्ण बंद कपाट, खुर्ची आत जातच नाही. एका वाढप्यानं तांब्या आणि बादली आणून हातावर पाणी घातलं. घरच्यासारखं.

दिसत नाही किंवा कमी दिसतं त्यांचं पण लिहितो, वडिलांचे एक मित्र आले होते, दृष्टी जवळजवळ गेलेली. त्या काळ्या चकचकीत पायऱ्यांवर त्यांना कडा कुठं संपते ते कळेना, पांढरी काठी आपटत एक एक पायरी. पायरीच्या कडेला दोन इंचाची पिवळी खरखरीत पट्टी चिकटवली की झालं, पावसाळ्यात चप्पल घसरणाऱ्या प्रत्येकाला उपयोग. काचेच्या दारावर डोळ्याच्या उंचीला पट्टी नाही, एक छोटा मुलगा आपटला. रेल्वे स्टेशनवर ज्या पिवळ्या फरश्या दिसतात, लांब रेघांची म्हणजे सरळ चला आणि ठिपक्यांची म्हणजे थांबा, पुढं काहीतरी आहे, त्या इथं एक पण नाहीत.

मालकांशी नंतर बसून बोललो. चहा दिला, नीट ऐकून घेतलं. पहिलं म्हणणं, ही प्रायव्हेट प्रॉपर्टी आहे, हे नियम सरकारी ऑफिसना. तसं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा आहे, लागू झाला १९ एप्रिल २०१७ ला, आणि त्यात सार्वजनिक इमारत म्हणजे सरकारी किंवा खाजगी, लोक मोठ्या प्रमाणात वापरतात अशी कुठलीही इमारत, धंद्याची, धार्मिक, सांस्कृतिक, करमणुकीची, सगळी. मंगल कार्यालय त्यात सरळ बसतं. कलम ४४ प्रमाणं सोयी नसतील तर बांधकामाची परवानगी किंवा काम पूर्ण झाल्याचं कम्प्लिशन सर्टिफिकेट द्यायचं नाही. कलम ४५ प्रमाणं जुन्या इमारतींनी नियम निघाल्यापासनं पाच वर्षांत सोयी करायच्या, नियम निघाले १५ जून २०१७ ला, म्हणजे मुदत २०२२ च्या जूनमध्येच संपली. मोडलं तर कलम ८९, पहिल्यांदा १० हजारांपर्यंत दंड, परत केलं तर ५० हजार ते ५ लाख. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं राजीव रतुरी केसमध्ये सांगितलं की सोयींचे निकष नुसते सल्ला म्हणून ठेवून चालणार नाहीत, सक्तीचे पाहिजेत, आणि सरकारला त्यासाठी तीन महिने दिले. आपल्या राज्याच्या यूडीसीपीआरमध्ये, म्हणजे एकत्रित बांधकाम नियमावलीत पण दिव्यांगांच्या सोयींच्या तरतुदी आहेत, आर्किटेक्टला विचारा म्हटलं, त्याला माहीत असणार.

दुसरं म्हणणं पुराचं. हे मात्र मला पटलं. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगेनं जे केलं ते बघितलेला माणूस जोतं उंच घेणारच, गावात कितीतरी दुकानांनी त्यानंतर दोन तीन पायऱ्या वाढवल्या, आणि त्या प्रत्येक वाढलेल्या पायरीबरोबर माझ्यासारख्यांना आणखी एक दुकान बंद झालं. जोतं उंच ठेवा, बरोबर आहे. पण पायऱ्यांचा खर्च काढतानाच रॅम्पचा धरा. या कार्यालयाच्या पुढं डाव्या हाताला कारंज आणि लॉनची लांबच लांब पट्टी आहे, तीस फुटांचा रॅम्प मध्ये एक सपाट टप्पा घेऊन तिथं आरामात बसतो, आणि तो पुढच्याच दारात येतो, फेटेवाल्यासमोर.

तिसरं, वर्षात असे किती येतात. मी त्यांना त्या दिवशीचा हॉल आठवायला सांगितला. आत्या वॉकरवर, वडिलांचे मित्र काठीवर, नवऱ्या मुलाची आजी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर स्टेजवर गेलीच नाही, नवरानवरी खाली येऊन पाया पडले. बाळाच्या गाड्या किती होत्या. डेकोरेशनवाले स्टेजवर जड सोफे खांद्यावर चढवतात त्यांना विचारा रॅम्प पाहिजे का. आणि हे कोल्हापूर आहे, नसीमाताई हुरजूक यांनी स्वतः व्हीलचेअरवर बसून १९८४ ला हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था इथं उभी केली, त्यांच्याकडं शिकलेली, कमावती झालेली माणसं याच गावात राहतात, त्यांची पण लग्नं होतात. नवरा किंवा नवरीच व्हीलचेअरवर असेल तर काय, असं विचारल्यावर मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, स्टेजचं काय करता येईल सांगा.

सांगितलं. तीन फुटाला छत्तीस फूट रॅम्प लागतो, हॉलच्या बाजूच्या पॅसेजमधनं एल आकारात बसेल. नाहीतर स्टेजच दीड फुटाचं करा, अठरा फुटात काम होतं, आणि मागच्या रांगेतल्यांना बघायला तशी पण स्क्रीन लावलेली आहेच. घडीचे पोर्टेबल रॅम्प मिळतात ते एक दोन पायऱ्यांना ठीक, सहा पायऱ्यांना टाकले तर घसरगुंडी होते. दोन्ही बाजूला कठडा, रुंदी निदान चार फूट. टॉयलेटचं दार काढून तीन फुटी सरकतं लावायचं, उंबरा घासून टाकायचा, बार बसवायचे, आणि कुलूप काढायचं. टॉयलेट आणि पायऱ्यांच्या पट्ट्या दिवाळीच्या आत नक्की म्हणालेत, पुढच्या रॅम्पसाठी आर्किटेक्टला बोलवतो म्हणालेत.

तुम्ही बुकिंग करत असाल तर रॅम्प आहे का एवढंच विचारू नका, हो म्हणतील. मोबाईलवर रॅम्पचा व्हिडिओ मागा, वरनं खालपर्यंत. टेप घेऊन जा आणि टॉयलेटचं दार मोजा, उघडून आत बघा. स्टेजवर कसं जायचं ते विचारा. जेवण कुठल्या मजल्यावर आणि लाईट गेली तर लिफ्ट जनरेटरवर आहे का ते पण. आणि अॅडव्हान्सच्या पावतीवर या सोयी लिहून घ्या, मग नंतर बोलता येतं. तक्रार करायची तर केंद्र सरकारच्या सुगम्य भारत अॅपवर फोटो टाकून करता येते, किंवा पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं अर्ज.

सध्या माझ्याकडनं दोन स्टार, एक वाढप्यांना आणि एक लिफ्टमन काकांना. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आधी परत जाऊन बघणार आहे, टेप घेऊनच. काम झालेलं असलं तर नाव, फोटो आणि सगळी मापं इथंच टाकतो आणि स्टार पण वाढवतो, कारण हॉल खरंच चांगला आहे आणि आमच्या धाकट्या भाचीचं पण लग्न तिथंच करायचं ताईच्या मनात आहे.